कंपनीचं गाव : अरुबा बेटावरची लागो कॉलनी



आपल्यापैकी बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा नोकरीच्या निमित्ताने बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरला आले आणि तिथलेच झाले. आज मात्र एका अशा गावाबद्दल लिहितो, जिथे माणसं नोकरीसाठी गेली, मुलं तिथेच जन्मली, वाढली, पण गाव त्यांचं झालं नाही. हे गाव कॅरिबियन समुद्रात, अरुबा नावाच्या बेटावर होतं. तिथे वाढलेल्या काही अमेरिकन लोकांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणी माझ्या वाचनात आल्या आणि डोक्यातून जाईनात.

अरुबा हे डच लोकांच्या ताब्यातलं बेट. लांबी जेमतेम तीस किलोमीटर, पाऊस नावाला, सगळीकडे निवडुंग आणि वाऱ्याने एका बाजूला वाकलेली दिवीदिवीची झाडं. बेटावर तेलाचा एक थेंब नाही. तेल होतं समोरच्या व्हेनेझुएलात, माराकाइबो सरोवराच्या काठी. १९२२ साली तिथे मोठी विहीर लागली. पण सरोवराच्या मुखाशी वाळूचा बांध, त्यामुळे मोठी जहाजं आत जाऊ शकत नव्हती. मग उथळ तळाच्या लहान टँकरमधून तेल बाहेर आणायचं आणि अरुबाच्या बंदरात मोठ्या जहाजांत भरायचं, असा धंदा १९२४ मध्ये सुरू झाला. कंपनीचं नाव लागो. स्पॅनिशमध्ये लागो म्हणजे सरोवर. १९२९ मध्ये बेटाच्या आग्नेय टोकाला, सॅन निकोलास इथे रिफायनरी सुरू झाली आणि १९३२ मध्ये ती न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलकडे गेली. पुढे ती जगातल्या सर्वांत मोठ्या रिफायनऱ्यांत गणली जाऊ लागली. १९४९ च्या सुमारास तिथे आठ हजारांहून जास्त माणसं कामाला होती.

अमेरिकन अधिकारी आणि तंत्रज्ञांसाठी रिफायनरीच्या पलीकडे कंपनीने कॉलनी वसवली. भोवती कुंपण, फाटकावर पहारा. आत सगळं कंपनीचं. बंगले कंपनीचे, शाळा कंपनीची, दवाखाना, क्लब, किराणा, सगळं कंपनीचंच. पत्ता म्हणजे बंगल्याचा नंबर. साठ-सत्तर वर्षांनंतरही ही माणसं एकमेकांना आपला बंगला नंबर सांगून ओळख देतात. बेटावर गवत नीट उगवत नाही, म्हणून गोल्फसाठी तेलात भिजवलेली वाळू अंथरलेली! मुलांना दारापुढेच समुद्र. बेबी बीच नावाचा शांत, उथळ किनारा होता, तिथे लहानगी पोहायला शिकत. घराला कुलूप नाही, रात्री आकाशात रिफायनरीच्या ज्योतीचा उजेड. आठवणी वाचताना कुणालाही वाटावं, बालपण असावं तर असं.

या सुखात एकदाच मोठा हादरा बसला. १६ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे जर्मन पाणबुडी यू-१५६ सॅन निकोलासच्या बंदरापर्यंत आली. युद्धात दोस्तांच्या विमानांना लागणारं इंधन इथून जात होतं, म्हणून हा डाव. पाणबुडीने टँकर पेटवले, खलाशी जळून-बुडून मेले. मग रिफायनरीवर तोफ डागायला गेले, तर तोफेच्या तोंडाचं झाकण काढायचं राहिलं होतं. तोफच फुटली आणि रिफायनरी वाचली. त्या टाक्यांना आग लागली असती, तर शेजारच्या कॉलनीचं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

आता फाटकाबाहेर येऊ. कामाला माणसं हवी होती, ती ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना अशा ठिकाणांहून आली. ती सॅन निकोलास गावात दाटीवाटीने राहिली. कॅरिबियनमधल्या वरच्या हुद्द्याच्या कर्मचाऱ्यांसाठी लागो हाइट्स नावाची वेगळी वसाहत होती. म्हणजे दर्जाप्रमाणे कुंपणंही वेगवेगळी. कॉलनीतल्या घरांत काम करणाऱ्या बायका याच लोकांतल्या. आठवणींमध्ये त्या प्रेमळ म्हणून येतात, पण बहुधा नुसत्या नावाने. त्यांचं घर कुठे होतं, त्यांची स्वतःची मुलं कोण सांभाळत होतं, हे लिहिणाऱ्या मुलांना माहीत नव्हतं. फाटकाबाहेर राहणाऱ्यांबद्दल आत कोण विचारणार?

पण पुढे काय झालं बघा. कॉलनीतला माणूस निवृत्त झाला की बंगला रिकामा करून अमेरिकेला जायचा. मुलं शाळा संपली की जायची. ज्या देशाला ती 'घर' म्हणत, तिथे ती फक्त सुट्टीत गेलेली. परत यावं तर आपल्या खोलीत दुसऱ्याच कुणाचं बिऱ्हाड. ३१ मार्च १९८५ ला कंपनीने रिफायनरीच बंद केली. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी ती काही वर्षं चालवली, पण ते जुनं गाव परत वसलं नाही. काही बंगले पाडले गेले, काहींत दुसरे लोक राहायला आले.

सॅन निकोलास मात्र राहिलं. हाल झाले, बेकारी आली, पुष्कळ लोक हॉलंडला गेले. तरीही तिथे आजही त्या मजुरांची इंग्रजी बोली घरात बोलली जाते, आणि १९५४ च्या सुमारास सुरू झालेल्या अरुबाच्या कार्निव्हलचं मूळ गाव म्हणून सॅन निकोलासच सांगितलं जातं. ज्यांना कंपनीने सगळं दिलं, त्यांच्यापाशी आठवणी उरल्या. ज्यांना फारसं काही दिलं नाही, त्यांनी स्वतः जे उभं केलं ते टिकलं.

बँकेच्या नोकरीत बडोद्याजवळच्या जवाहरनगर वसाहतीतली पुष्कळ माणसं मी पाहिली. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, तिची ही वसाहत. निवृत्तीला वर्ष-सहा महिने राहिले की मंडळी घराच्या कर्जाची चौकशी करायला यायची. तीस वर्षं उत्तम क्वार्टरमध्ये काढलेली, आणि नावावर एक खोली नाही. मुलांना विचारलं, तुमचं गाव कोणतं, तर ती वडिलांच्या तोंडाकडे बघायची.

आपलं दैव बरं. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान विलीन झालं, आपल्या वाडवडिलांची 'कंपनी' बंद झाली. पण दांडिया बाजारातली घरं आपली होती, गणपती आपला होता, वाचनालयं आणि मंडळं वर्गणीतून उभी होती. म्हणून २०१८ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, तेव्हा यजमानपण घ्यायला मराठी वाङ्मय परिषद हजर होती.

तरी एक प्रश्न आपल्यालाही लागू आहे. कुंपण तारेचंच असतं असं नाही. आपल्या वाड्यांत पाणी भरायला, धुणं-भांडी करायला येणारी जी माणसं होती, ती कुठून यायची, त्यांची मुलं पुढे काय झाली? आपल्या ग्रुपवर वाड्यांच्या आठवणी खूप येतात आणि त्या छानच असतात. ज्यांना या माणसांबद्दल काही ठाऊक असेल त्यांनी जरूर लिहावं. घरातले वडीलधारे आहेत तोवर विचारून घ्या, नंतर सांगणारं कुणी नसेल.