हेडफोनची वायर घरात किती लांब असावी? दुकानात जाण्याआधी सुतळीने मोजा

हेडफोन घेताना दुकानात सगळे कंपनी बघतात, किंमत बघतात, कानाला मऊ लागतो का ते बघतात. वायर किती लांब आहे, हे बहुतेकांना घरी आल्यावरच कळतं. मग टीव्हीपासून सोफ्यापर्यंत वायर पुरत नाही म्हणून कुणी टीव्हीपुढे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतं, तर कुणी मोबाईल हातात असताना दहा फुटांचं वेटोळं मांडीवर घेऊन बसतं. बिनवायरचे हेडफोन आता घरोघरी आले आहेत, तरी घरी बसून ऐकणाऱ्यांनी वायर सोडलेली नाही. चार्जिंगची कटकट नाही, टीव्हीवर ओठ आधी आणि आवाज मागून असं होत नाही, आणि चांगला हेडफोन जपला तर वर्षानुवर्षं चालतो. शेजारच्या खोलीत मुलांचा अभ्यास चालू असताना आजोबांना बातम्या मोठ्याने ऐकायच्या असतात, त्या घरात तर हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. फक्त लांबी चुकली की तो पायात येतो.

बाजारात मुख्यतः दोन मापं दिसतात. पहिलं १.२ मीटरचं, म्हणजे साधारण चार फूट. हे खिशातल्या मोबाईलपासून कानापर्यंतचं माप आहे. दुसरं ३ मीटरचं, म्हणजे दहा फुटांना जरासं कमी. हे स्टुडिओचं माप. तिथे यंत्र एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला, त्यामुळे वायर लांब लागते. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या, ३ मीटर वायर येते. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो एकाच नावाने वेगवेगळ्या प्रकारांत मिळतो: ३२ ओहमवाल्याला १.६ मीटर, ८० ओहमवाल्याला ३ मीटर सरळ, आणि २५० ओहमवाल्याला जुन्या टेलिफोनसारखी स्प्रिंगची वायर. नाव एकच म्हणून डोळे मिटून ऑनलाइन मागवलं की गडबड होते ती इथे. ऑडिओ टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सबरोबर मात्र तीन वायरी येतात, १.२ मीटर सरळ, ३ मीटर सरळ आणि १.२ ते ३ मीटर ताणली जाणारी स्प्रिंगची. आपलं काम नेमकं काय हे ठरलेलं नसेल, तर असा पर्याय बरा पडतो.

हवेतून नाही, जमिनीवरून मोजा

टीव्ही समोर आठ फुटांवर आहे, म्हणजे दहा फुटांची वायर पुरेल, असा हिशेब बहुतेक जण करतात. वायर पक्ष्यासारखी हवेतून जात नाही. ती टीव्हीच्या मागून खाली उतरते, भिंतीच्या कडेने फिरते, खुर्चीशी येते आणि मग कानापर्यंत चढते.

एक साधा हॉल डोळ्यापुढे आणा. आपल्याकडे असतो तसा, एका भिंतीला टीव्ही, समोर सोफा, मधून स्वयंपाकघराकडे जायची वाट. टीव्हीच्या मागच्या जॅकपासून जमिनीपर्यंत तीन फूट. तिथून कोपऱ्यापर्यंत पाच फूट. बाजूच्या भिंतीने आठ फूट. भिंतीपासून खुर्चीपर्यंत दोन फूट. जमिनीपासून बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत साधारण चार फूट. झाले बावीस. त्यावर दोन फूट ढील हवीच, कारण माणूस मान वळवतो, पाण्याचा तांब्या उचलायला वाकतो, मागे रेलतो. म्हणजे चोवीस फूट, सात मीटरच्या थोडं वर. आठ फुटांवरच्या टीव्हीसाठी!

म्हणून आधी सुतळी घ्या. जॅकला एक टोक धरा, वायर जशी जायला हवी तशी सुतळी न्या, खुर्चीत बसा, कानाशी धरा, दोन फूट जास्त सोडून गाठ मारा. मग ती सुतळी शिंप्याच्या टेपने मोजा. फुटांचे मीटर करायला ३.२८ ने भागायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

कोण म्हणेल, एवढा फेरा कशाला, वायर मधूनच टाकू. टाकता येते, दहा फुटांत बसतेही. पण ती वायर येण्याजाण्याच्या वाटेवर घोट्याच्या उंचीला ताणलेली राहते, आणि घरात अंधुक दिसणारी, गुडघे दुखणारी माणसं असतात. रात्री लाईट बंद करून टीव्ही बघायची आपल्याकडे सवय. अशा वेळी काळी वायर फरशीवर दिसतच नाही. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे, त्यापुढे चार फूट जादा वायरीची किंमत ती काय. शिवाय पायात वायर अडकली की दोनपैकी एक गोष्ट होते: हेडफोन कानावरून उडतो, नाहीतर टीव्हीचा जॅक आतून हलतो. जॅक हलला की एका कानात खरखर सुरू होते आणि दुरुस्तीसाठी टीव्ही उघडावा लागतो.

वायर वाटेवरून न्यायचीच असेल तर दाराच्या चौकटीवरून वर चढवून न्या, किंवा खुर्चीच टीव्हीच्या बाजूच्या भिंतीला सरकवा. बऱ्याच घरांत खुर्ची थोडी हलवली की वायर कमी लागते. चटईखालून वायर नेऊ नये. वर पाय पडत राहतात, आतली तार कुठे तुटली ते कळत नाही.

टेबलावर कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपपुढे बसणाऱ्यांचं काम सोपं आहे. जॅक समोर असेल तर दीड ते दोन मीटर भरपूर. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली आणि जॅक त्याच्या मागे असेल तर तीन मीटर. चाकांच्या खुर्चीखाली वायर येणार नाही एवढं बघा, कारण चाक एकदा वरून गेलं की वायरीचं आयुष्य संपलं. अंथरुणात पडून मोबाईलवर ऐकणाऱ्यांना १.२ मीटरच्या पुढे काही नको. लांब वायर झोपेत गळ्याभोवती येते, लहान मुलांच्या बाबतीत तर हे अजिबात चालवून घेऊ नये. झोपाळ्यावर बसून ऐकणाऱ्यांनी सरळ बिनवायरचा घ्यावा, तिथे कुठलंच माप लागू पडत नाही.

लांब वायरीने आवाज बिघडतो का?

दुकानदार हमखास सांगतो की वायर जितकी लांब तितका आवाज कमी, म्हणून ही जाड, महागातली घ्या. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे हिशेब करूनच बघतो.

हेडफोनच्या बारीक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२ ओहम धरू. वीज जाते आणि परत येते, म्हणून ३ मीटर वायर म्हणजे ६ मीटर तार, १.२ ओहम. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर यात आवाज घटतो ०.३ डेसिबल. ३०० ओहमच्या हेडफोनला ही घट इतकी कमी की सोडून द्यावी. आता मघाशी काढलेल्या हॉलसाठी ३ मीटर वायरीला ५ मीटरचं एक्स्टेंशन जोडलं, एकूण ८ मीटर, ३.२ ओहम. ३२ ओहमच्या हेडफोनवर घट ०.८ डेसिबल. साधारण एक डेसिबलच्या आतला फरक माणसाच्या कानाला जेमतेम कळतो. रिमोटचं बटण एकदा दाबलं की भरून निघाला.

म्हणजे घरातल्या लांबीला आवाजाचं फारसं भय नाही. कानाच्या आत बसणाऱ्या, आत तीन-चार बारीक स्पीकर असलेल्या काही महाग इअरफोनमध्ये वायरीचा रोध वाढला की खालचे-वरचे सूर थोडे बदलतात, त्यांना आखूड वायरच ठेवावी. बाकीच्यांनी लांबीपायी सोन्याच्या मुलाम्याची, काही हजारांची वायर घेण्यात अर्थ नाही. ते पैसे हेडफोनमध्ये घाला.

लांब वायरीचा त्रास वेगळाच असतो. वायर कपड्याला, खुर्चीच्या हाताला घासली की तो खसखस आवाज वायरीतूनच कानात चढतो. ढोलकी चालू असताना कळणार नाही. पण सुळेभावीत जन्मलेल्या आणि पुढे देवासला स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांची एखादी मैफल रात्री लावली, नुसता तानपुरा चालू आहे, आणि मध्ये शर्टाची कॉलर बोलू लागली तर रसभंग होतो. त्यावर उपाय म्हणजे वायर छातीशी शर्टाला क्लिपने अडकवायची. क्लिपवाल्या वायरी मिळतात, नाहीतर कपडे वाळत घालायचा चिमटाही चालतो, दिसायला कसाही दिसो.

एक्स्टेंशन आणि पिन

घरात हेडफोन आहेच, फक्त वायर कमी पडते, तर नवा घ्यायची गरज नाही, एक्स्टेंशन घ्या. पण पिन बघून. पिनेवर दोन काळ्या रेघा असतील तर ती साधी स्टिरिओ, तीन असतील तर माइकवाली. माइकवाला हेडफोन साध्या एक्स्टेंशनमध्ये घातला तर माइक बंद पडतो, आणि कधी कधी गाणाऱ्याचा आवाज गायब होऊन फक्त वाद्यं ऐकू येतात. हेडफोन बिघडला म्हणून लोक तो दुरुस्तीला नेतात. बिघडलेलं काही नसतं, पिन नीट जुळत नाही एवढंच. थोडी बाहेर ओढून बघा, किंवा चार टप्प्यांचं एक्स्टेंशन घ्या.

साध्या पिनेत डाव्या आणि उजव्या कानाची परतीची तार एकच असते. फार बारीक आणि लांब एक्स्टेंशनमध्ये या सामाईक तारेमुळे एका कानातलं किंचित दुसऱ्या कानात मिसळतं. म्हणून एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत जाऊ नये. हवी तेवढी एकच वायर घ्यावी. जोड जितके जास्त तितकी खरखर जास्त.

अँप्लिफायरची जाड पिन म्हणजे ६.३५ मिलिमीटर, मोबाईल-लॅपटॉपची बारीक म्हणजे ३.५. जाड पिनेला अडॅप्टर लावून ती लॅपटॉपला जोडायची असेल तर नुसत्या धातूचा ठोकळा नको, वजनाने जॅक वाकतो. वीतभर वायर असलेला अडॅप्टर मिळतो, तो घ्या.

नव्या बऱ्याच टीव्हींना हेडफोनचा जॅकच नसतो. टीव्हीच्या मागे ऑप्टिकलचं भोक असेल तर तिथून ऑप्टिकल केबल भिंतीच्या कडेने न्यायची आणि खुर्चीजवळ हेडफोनचा जॅक असलेली छोटी कन्व्हर्टर डबी ठेवायची. मग हेडफोनची वायर १.२ मीटरचीही पुरते, पायात काही येत नाही. आवाज मात्र बहुधा टीव्हीच्या रिमोटऐवजी डबीवरून कमी-जास्त करावा लागतो, त्यामुळे आवाजाचं बटण असलेलीच डबी घ्या आणि ती आजोबांच्या हाताला येईल अशा ठिकाणी ठेवा. कॉम्प्युटरवालेही हेच करू शकतात, यूएसबीची डबी जवळ आणून. साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंत भरवशाची, त्यापुढे नको.

स्प्रिंगची वायर टेबलावर चांगली, सोफ्यावर वाईट. ताणली की ती सतत मागे ओढते, हेडफोन एका बाजूला कलतो आणि जॅकवरही ओढ येते. ३ मीटर लिहिलेलं असलं तरी ती आरामात दीड-दोन मीटरच धरा.

निघणारी वायर असलेला हेडफोन मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, कारण वायर तुटली किंवा घर बदललं तर फक्त वायर बदलते. पण हेडफोनच्या बाजूचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं. एचडी ६०० ला दोन काड्यांची पिन लागते, एम५०एक्सला फिरवून बसणारी २.५ मिलिमीटरची. जुनी वायर सोबत नेऊन जुळवून बघा.

उरलेली वायर हेडफोनच्या पट्टीभोवती घट्ट गुंडाळू नये, कपाशी निघते तिथेच ती तुटते. वीतभर रुंदीची सैल वेटोळी करून कापडी पट्टीने बांधा आणि खुर्चीमागे खिळ्याला अडकवा, जमिनीवर ठेवू नका. जुन्या कौलारू घरात उंदीर असतील तर रबरी वायर त्यांना फार आवडते.