सुईच्या नशेत अडकलेल्यांसाठी ‘त्यांच्यातलाच’ माणूस : पिअर एज्युकेटर काय करतो?

आष्टी (ता. परतूर) : गावाकडं नशा म्हटलं की दारू, गुटखा, फार तर गांजा आठवतो. पण कामाला मुंबई-पुण्याला गेलेली काही पोरं तिथं गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या नादी लागतात. आधी धूर ओढतात, तेवढ्यानं भागेना की सुई टोचून घेतात. घरी कळतं तेव्हा हातावर जखमा झालेल्या असतात आणि लाजेपायी सगळं झाकलं जातं.

अशा माणसाची नशा एका दिवसात सुटत नाही. ती सुटेपर्यंत त्याला जिवंत आणि आजारापासून लांब ठेवायचं, हे पिअर एज्युकेटरचं काम. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात हा माणूस मानधनावर असतो. बहुतेक वेळा त्यानं स्वतः कधीतरी सुई घेतलेली असते. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट ही संस्था १९९५ पासून अशा लोकांमध्ये काम करते.

दवाखान्यात गेलं तर बोलणी बसतील, पोलीस धरतील, या भीतीनं सुई घेणारा तिकडं फिरकत नाही. आपल्यातल्याचं मात्र ऐकतो. म्हणून पिअर पुलाखाली, स्टेशनजवळ जातो, नवी सिरिंज देतो, वापरलेली परत घेतो, जखम पिकली असेल तर ड्रेसिंगला नेतो, तपासणीला सोबत जातो.

एकाची सुई दुसऱ्यानं वापरली की एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी पसरतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण सुई वेगळी असली तरी पाणी, चमचा, कापूस एकच असेल तरीही हिपॅटायटिस सी होऊ शकतो, हे पिअरच समजावून सांगतो. हा आजार साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात. बी साठी लस आहे. एचआयव्हीचं औषध आयुष्यभर घ्यावं लागतं, तेही सरकारी केंद्रात मोफत.

“सुया वाटता म्हणजे नशेला खतपाणीच की!” हा आक्षेप नेहमीचा. पण नव्या सुया दिल्यानं नशा वाढत नाही, लागण मात्र कमी होते, हा जगभरचा अनुभव आहे. सुरुवातही नशा करणाऱ्यांनीच केली. १९८४ मध्ये ॲमस्टरडॅम शहरात त्यांच्याच संघटनेनं कावीळ रोखायला सुया बदलून द्यायचं काम हाती घेतलं. आपल्याकडं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं लागण रोखण्यासाठीच्या अशा कामाला संरक्षण दिलंय.

गर्द बंद केली की अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या होतात. पोरं याला ‘टर्की’ म्हणतात. ती सोसवत नाही म्हणून माणूस परत सुईकडं वळतो. त्यावर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रात जिभेखाली ठेवायला देतात. रोज केंद्रावर यायचा कंटाळा आला की ओढून आणणारा पुन्हा पिअरच.

गावातल्यांनी एक धोका नीट ध्यानात घ्यावा. महिना-दोन महिने घरी, जेलमध्ये किंवा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेल्याची सवय मोडलेली असते. शहरात परतल्यावर त्यानं पूर्वीएवढाच डोस घेतला तर श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो. ओठ निळे पडले, घशातून घरघर येतेय, हलवूनही जाग येत नाही, तर लगेच १०८ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवावं, थांबला असेल तर तोंडानं श्वास द्यावा. मिठाचं पाणी, दूध काहीही पाजू नये, एकटं सोडू नये.

अशी केंद्रं मुख्यतः शहरांत आहेत. आष्टी परिसरातल्या घरच्यांना एचआयव्हीची माहिती आणि जवळचं केंद्र १०९७ वर विचारता येतं, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. दोन्ही फोन मोफत आहेत. सरकारी केंद्रात एचआयव्ही तपासणीला पैसे लागत नाहीत आणि निकाल तपासणी करून घेणाऱ्याच्या संमतीशिवाय सहसा इतरांना सांगता येत नाही.