भाषा मॉडेलाधारित शाखानिवड

स्वयंचलित कार्यप्रवाहात भाषा मॉडेलचे उत्तर तपासून पुढील पायरी ठरविण्याची पद्धती.

उगम : अटीनुसार मार्ग बदलणे प्रोग्रॅमिंगमध्ये पूर्वापार रूढ आहे (पहा : सशर्त विधान). मॉडेलचे उत्तर मात्र मुक्त मजकूर असल्याने अटीशी थेट ताडता येत नाही. ही अडचण कमी करण्यासाठी ओपनएआय या कंपनीने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (फंक्शनला लागणारी मूल्ये रचनाबद्ध रूपात देणे) आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ठरीव आराखड्यानुसार उत्तर देण्याची सोय आणली (पहा : जेसन).

वैशिष्ट्ये : प्रथम उत्तर पूर्ण आहे की लांबीच्या मर्यादेमुळे तुटले आहे, हे उत्तरासोबत येणाऱ्या समाप्तिकारणावरून (उत्तर का थांबले याची नोंद) पाहतात. नंतर मजकुराचे पृथक्करण करून मूल्य अनुमत यादीशी जुळवितात. तक्रारींच्या वर्गवारीत ‘परतावा’, ‘विलंब’, ‘इतर’ ही मूल्ये ठरली असता ‘ही तक्रार परताव्याची आहे’ असे उत्तर आल्यास काटेकोर तुलना फसते. अशा वेळी मर्यादित फेरप्रयत्न करतात. तरीही न जुळल्यास काम राखीव शाखेकडे किंवा मानवी तपासणीकडे जाते. एन-एट-एन या कार्यप्रवाह-साधनात ‘इफ’ व ‘स्विच’ हे घटक शाखा पाडतात.

महत्त्व : मजकुराच्या आकलनावर आधारलेले निर्णय या पद्धतीमुळे यंत्रणेत गुंफता येतात. आराखडा उत्तराची रचना निश्चित करतो, सत्यता नव्हे. आलेल्या मजकुरात दडविलेली सूचना शाखा बदलू शकते (पहा : सूचना-घुसखोरी), म्हणून रक्कम अदा करणे, नोंद पुसणे अशा कृतींपूर्वी मानवी मंजुरी ठेवतात.