धुळीचा इजारा

'डस्ट' या इंग्रजी शब्दाचा आपल्याला ठाऊक असलेला अर्थ धूळ. परंतु एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम येई ती घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांतून निघणारी राख. बोलीभाषेत याच शब्दाचा आणखी एक अर्थ रूढ होता, तो म्हणजे पैसा. चार्ल्स डिकन्सची 'अवर म्युच्युअल फ्रेंड' ही कादंबरी (मे १८६४ ते नोव्हेंबर १८६५ या काळात ती मासिक भागांत प्रसिद्ध झाली) वर्गात शिकवताना या श्लेषापाशी थांबण्याची प्रथा आहे. ढिगारा म्हणजे संपत्ती, संपत्ती म्हणजे घाण, आणि त्या घाणीत दडवलेली मृत्युपत्रे म्हणजे समाजाचा सडलेला अंतर्भाग, असे एक ठरीव विवेचन होते आणि तास संपतो. ते चुकीचे नाही. मात्र त्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. म्हाताऱ्या हार्मनकडे हे ढिगारे आले कोठून, आणि ते त्याच्या मालकीचे कसे झाले?

तो मक्तेदार होता. पॅरिशच्या हद्दीतल्या घरांतली राख व केर उचलण्याचा ठेका त्याने घेतलेला होता. त्या काळच्या लंडनला एकसंध नगरपालिका नव्हती. पॅरिश या छोट्या धार्मिक-नागरी घटकांची 'व्हेस्ट्री' नावाची समिती रस्ते, दिवे, गरिबांची सोय असली कामे पाही, आणि केर उचलण्यासाठी जाहिरात देऊन बोली मागवी. इथवर सगळे आजच्या निविदेसारखेच वाटते. फरक पुढे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी या व्यवहारात पैसे पॅरिश देत नसे, ते मक्तेदार देई. केर उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून जो सर्वांत मोठी रक्कम देऊ करील त्याला तो हक्क मिळे.

मराठीत या दोन व्यवहारांना दोन निराळे शब्द आहेत. सरकारकडून पैसे घेऊन काम करून देणे हे कंत्राट. सरकारला पैसे भरून उत्पन्नाचे साधन ताब्यात घेणे हा इजारा. आमराईचा इजारा असतो, जकातीचा असे. इंग्रजीतला 'कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द दोन्ही व्यवहारांवर पांघरूण घालतो. लंडनच्या राखेचा व्यवहार आधी इजारा होता आणि नंतर तो कंत्राट झाला, हे मराठीत किती थोडक्यात सांगता येते! त्या स्थित्यंतरातच या विषयाचा सारा इतिहास आहे, असे मला वाटते.

राखेला किंमत होती ती विटांमुळे. लंडन वाढत होते आणि ते विटांचे शहर होते. चाळलेली बारीक राख विटांच्या मातीत मिसळत. अर्धवट जळालेले जाड निखारे, ज्यांना 'ब्रीझ' म्हणत, ते कच्च्या विटांच्या थरांमध्ये पसरून भट्टीचे इंधन म्हणून वापरत. आपल्याकडचा वीटभट्टीवाला मातीत राख किंवा भाताचा तूस मिसळतो, त्यामागेही हेच शास्त्र आहे. म्हणजे लंडनकर जो कोळसा जाळत त्याच्याच अवशेषांतून लंडनच्या पुढच्या भिंती उभ्या राहत. पत्रकार हेन्री मेह्यू याने 'लंडन लेबर अँड द लंडन पुअर' या ग्रंथात शहरातल्या राखेचा अंदाज वर्षाला सुमारे ९,००,००० टन असा बांधला आहे. किंग्ज क्रॉसजवळचा एक प्रचंड ढिगारा विकला गेला आणि १८१२च्या आगीत जळालेल्या मॉस्कोच्या पुनर्बांधणीसाठी रशियाला रवाना झाला, अशी एक आख्यायिका त्या काळी सांगत. खरेखोटे बाजूला ठेवले तरी लोक ती सांगत होते यावरून राखेची पत कळते.

ज्या वस्तूला किंमत येते तिच्या चोरीचा गुन्हाही निर्माण होतो. इजारदाराखेरीज दुसऱ्या कोणी घरांतून राख नेली, तर त्याला 'उडता डस्टमन' म्हणत आणि त्याच्यावर खटला भरत. लोकांनी टाकून दिलेली वस्तू उचलणे म्हणजे चोरी, ही विलक्षण कल्पना कायद्यात शिरली ती या इजाऱ्यांच्या रक्षणासाठी. ती पुढे समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८च्या कायद्यात गोळा केलेला केरकचरा ही पालिकेची मालमत्ता ठरवलेली आहे.

आता ढिगाऱ्याकडे वळू. मेह्यूने वर्णन केलेले 'डस्ट-यार्ड' म्हणजे एक उघड्यावरचा कारखानाच होता. गाड्या येऊन माल ओतत. फावड्याने चाळणीत भरणारे पुरुष असत, पण चाळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांचे. जाड चामड्याचा एप्रन बांधलेल्या या बाया कमरेपर्यंत राखेत उभ्या राहून लोखंडी चाळण्या हलवीत. चाळणीवर उरलेल्या मालाची वर्गवारी पाहिली की आजच्या भंगारवाल्यानेही मान डोलवावी. हाडे हाडवाल्याकडे, चिंध्या चिंधीवाल्याकडे, फुटक्या विटा व कालवांचे शिंपले रस्त्यांच्या भरावासाठी, पत्रा व लोखंड पेट्यांच्या पट्ट्यांसाठी. जुने बूट तर 'प्रशियन ब्लू' नावाचा निळा रंग बनवणाऱ्यांकडे जात. कचऱ्यात 'काही नाही' असे फारच थोडे होते. मेह्यूचे गद्य अशा याद्यांपाशी रंगात येते. त्याच्या समकालीन कादंबरीकारांना याद्यांची अशी गोडी असती तर बरे झाले असते.

याद्यांतल्या या श्रमाला साहित्यात काही काळ जागा मिळाली होती. डिकन्सच्याच 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात १३ जुलै १८५० रोजी रिचर्ड हेन्री हॉर्न याचा 'डस्ट. ऑर अग्लिनेस रिडीम्ड' हा अर्धा लेख, अर्धी कथा असा मजकूर आला. त्यातली मुख्य पात्रे ढिगाऱ्यावर राबणारीच आहेत. त्यांत पेग डॉटिंग ही म्हातारी आहे, तसाच एक वृद्ध आणि एक मुलगाही. शेवटी मक्तेदार आपल्या भावी जावयापुढे पर्याय ठेवतो, की हुंड्यात ढिगारा घे किंवा २०,००० पौंड घे. कथा साधारण आहे, तिच्यातले योगायोग तर हास्यास्पद आहेत. पण चौदा वर्षांनी डिकन्सने तोच ढिगारा कितीतरी थोर कलाकृतीत आणला तेव्हा राबणाऱ्या बाया मात्र बाहेर राहिल्या. कादंबरीत मालक आहे, वारस आहे, निष्ठावंत सेवक बॉफिन आहे, ढिगाऱ्यात हात घालून गुपित शोधणारा लाकडी पायाचा वेग आहे. चाळणी धरलेली एकही बाई ठळक पात्र म्हणून येत नाही. समीक्षकांनी दुसऱ्याच एका अनुपस्थितीची चर्चा अधिक केली आहे. हम्फ्री हाउसने 'द डिकन्स वर्ल्ड' (१९४१) मध्ये या ढिगाऱ्यांत मानवी विष्ठाही असणार असे सुचवले, आणि त्यावर पुढे दशकानुदशके वाद झाला. राखेचा ठेका आणि मैल्याचा ठेका सहसा वेगळे असत, हे त्या वादातले महत्त्वाचे उत्तर. विष्ठा होती की नव्हती यावर विद्वानांनी एवढी शाई खर्चावी आणि चाळणाऱ्या हातांवर इतकी कमी, हे मला नेहमीच थोडे चमत्कारिक वाटत आले आहे.

दरम्यान बाजार फिरला होता. बांधकामाची तेजी ओसरली, राखेचे ढीग बाजारात मावेनात, भाव उतरले. मेह्यू लिहीत होता त्या १८५०च्या सुमारास चित्र उलटले होते. पूर्वी पॅरिशला पैसे देणारे मक्तेदार आता पॅरिशकडेच पैसे मागू लागले होते. माणसे तीच, गाड्या त्याच, ढिगारेही तेच, फक्त पैशाची दिशा बदलली. इजाऱ्याचे कंत्राट झाले. पुढे रेल्वेने दूरच्या भट्ट्यांतल्या विटा लंडनात येऊ लागल्या आणि घरच्या राखेची मातब्बरी आणखी कमी झाली.

या उलटापालटीचा परिणाम गल्लीबोळात दिसतो. इजारदाराला प्रत्येक घरातली राख हवी असे, कारण तीच त्याची कमाई. कंत्राटदाराला रक्कम पॅरिशकडून मिळणारच असते, म्हणून प्रत्येक फेरी हा त्याच्या दृष्टीने खर्च. ज्या घरांत शेगड्या पुष्कळ तिथे त्याची गाडी अजूनही वेळेवर जाई. गरीब वस्तीत राख थोडी आणि कुजका केर फार, तिथे ती जाईनाशी झाली. बिअरपुरते पैसे हातावर ठेवल्याशिवाय डस्टमन टोपली उचलत नाही, ही तक्रार सार्वत्रिक होती. सर्वांत कमी रकमेची निविदा भरणारा कंत्राटदार तूट कोठून भरून काढतो, या प्रश्नाचे उत्तर इतके जुने आहे.

१८९१च्या सार्वजनिक आरोग्य (लंडन) कायद्याने घरगुती केर उचलणे ही स्थानिक संस्थांची सक्तीची जबाबदारी ठरवली आणि अनेक संस्थांनी ते काम हळूहळू आपल्या नोकरांकडे घेतले. शोरडिच व्हेस्ट्रीने १८९७ साली केर जाळून वीज निर्माण करणारे केंद्र उघडले. 'धुळीतून प्रकाश आणि शक्ती' अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद त्या इमारतीवर कोरले आहे. डिकन्स तेव्हा हयात असता तर त्याने या ब्रीदावर एखादे प्रकरण नक्कीच लिहिले असते.

शतकभराने वारे पुन्हा फिरले. १९७८-७९च्या हिवाळ्यातल्या संपात लेस्टर स्क्वेअरमध्ये साचलेले केराचे ढीग ही मार्गारेट थॅचर यांच्या प्रचाराला आयती मिळालेली प्रतिमा होती. १९८८च्या स्थानिक शासन कायद्याने कचरा गोळा करण्यासारख्या कामांसाठी स्पर्धात्मक निविदा मागवणे सक्तीचे केले. नगरपालिकेच्या स्वतःच्या कामगारांनाही खासगी कंपन्यांच्या बरोबरीने बोली लावून आपले काम जिंकावे लागे. याच कायद्यात आणखी एक कलम होते, त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. ठेका देताना कामगारांच्या सेवाशर्तींचा विचार 'अव्यापारी' समजून वर्ज्य करण्यात आला होता. डिकन्सच्या कादंबरीत चाळणारी बाई नाही ती लेखकाच्या दृष्टीच्या मर्यादेमुळे. इथे तिला बाहेर ठेवण्याची सक्ती कायद्यानेच केली. ही सक्तीची निविदापद्धती १९९९च्या कायद्याने संपुष्टात आणली.

आपल्याकडच्या वाचकाला हे परके वाटू नये. मुंबईत कचऱ्याच्या गाड्यांवरील शेकडो कंत्राटी कामगार कागदोपत्री कामगार नव्हतेच. संस्थांचे 'स्वयंसेवक' म्हणून त्यांची नोंद असे आणि त्यांच्या मजुरीला 'मानधन' म्हणत. कचरा वाहतूक श्रमिक संघाने चालवलेल्या दीर्घ लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली त्यांतल्या २,७०० जणांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. स्वयंसेवक आणि मानधन हे एरवी किती शालीन शब्द! भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी साहित्यकृतींइतकेच करारनाम्यांकडेही पाहावे, ते अशासाठी. मुंबईच्या जुन्या कायद्यात 'हलालखोर कर' होता. हलालखोर म्हणजे कष्टाचे, धर्माला मान्य असलेले अन्न खाणारा. मैला वाहणाऱ्या जातीला हे नाव मिळाले आणि पुढे ते कराचे शीर्षक झाले.

पुण्यात निराळी वाट काढली गेली. कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या वेचकांच्या सहकारी संस्थेशी पुणे महानगरपालिकेने २००८ मध्ये करार केला. घरोघर जाणाऱ्या वेचकाला घरमालकाने दरमहा शुल्क द्यायचे आणि सुक्या कचऱ्यातले विकण्याजोगे जे मिळेल ते वेचकाचे. हा अर्धा इजारा आणि अर्धे कंत्राट असा व्यवहार आहे. लंडनच्या इजारदाराचा जो हक्क होता तो इथे चाळणी धरणाऱ्या हातांकडे आला. त्यात अडचणी नव्हत्या असे नाही. कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येकदा मोठ्या कंपन्यांना काम देण्याची चर्चा होत आली आहे, आणि शुल्क न देणाऱ्या घरांचा प्रश्नही आहेच.

मुंबईचे देवनार १९२७ पासून कचरा पोटात घेत आले. जानेवारी २०१६च्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला. त्यानंतर तिथे वेचणाऱ्यांच्या प्रवेशावर कडक निर्बंध आले. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने देवनारची १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय घेतला, आणि मे २०२५ मध्ये पालिकेने तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत हलवण्यासाठी निविदा काढली. अंदाजित खर्च २,३६८ कोटी रुपये. हार्मनच्या ढिगाऱ्याला भाव होता तो आत दडलेल्या राखेमुळे. देवनारच्या ढिगाऱ्याला तो आला खालच्या जमिनीमुळे, आणि ढिगारा हटवण्यासाठी पैसे मोजायची पाळी शहरावर आली. कादंबरीच्या अखेरीसही ढिगारे गाड्यांत भरून हलवले जातात. कित्येक महिने गाड्यांची ये-जा चालते, शेवटी वेगला केराच्या गाडीत फेकून देतात आणि जागा मोकळी होते. त्या मोकळ्या जागेवर पुढे काय उभे राहिले, हे डिकन्स सांगत नाही.