ॲक्सेस पॉइंट, घरगुती : निवड आणि मांडणी

घरात आलेले इंटरनेट मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्हीपर्यंत रेडिओलहरींनी पोचवणारे उपकरण. इंटरनेट कंपनी जो डबा बसवून देते त्यात मोडेम, राउटर, स्विच आणि ॲक्सेस पॉइंट असे चौघे एकत्र नांदत असतात. ‘वायफाय चालत नाही’ या तक्रारीला बहुधा चौथा जबाबदार असतो. लोक मात्र महिन्याचा प्लॅन वाढवून घेतात. त्याने मागच्या खोलीत काही फरक पडत नाही.

चांदे (ता. मुळशी, जि. पुणे) हे हिंजवडीच्या आयटी पार्कजवळचे गाव. मार्च 2020 नंतर घरूनच ऑफिस सुरू झाले आणि हॉलमधला एक डबा पुरत नाही हे या पट्ट्यात घरोघरी कळले. निवडीची सुरुवात इथे भिंतीपासून करावी. सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांची भिंत लहरींना फारशी अडवत नाही, वीटकाम त्याहून जास्त अडवते, जुनी दगडमातीची जाड भिंत तर चांगलीच. सर्वांत वाईट मायवानचे फ्लॅट : तिथे आतल्या भिंतीसुद्धा लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या असतात. पत्रा लहरी परतवून लावतो. 2.4 गिगाहर्ट्झची लहर सुमारे 12 सेंटिमीटर लांब, 5 गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. भिंतीत दुसरी लवकर दमते. तरीही सोसायटीत 5 च बरा, कारण 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच (1, 6 आणि 11) आणि त्यांवर सगळा मजला बसलेला. भारतात ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने 5 गिगाहर्ट्झमधला एकूण 605 मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, त्यामुळे तिथे जागा ऐसपैस आहे.

‘जास्त अँटेना, जास्त रेंज’ हा दुकानातला युक्तिवाद अर्धाच खरा. ॲक्सेस पॉइंट कितीही मोठ्याने बोलला तरी खिशातल्या मोबाइलचे उत्तर क्षीणच असते आणि ते त्याला ऐकू आले पाहिजे. म्हणून एक दांडगा डबा आणण्यापेक्षा दोन-तीन साधे ॲक्सेस पॉइंट कमी ताकदीवर लावणे चांगले. किती लागतील हे मोबाइलवरच्या वायफाय मोजणाऱ्या ॲपने ठरवता येते : दार लावून त्या खोलीत बसावे आणि आकडा पाहावा. उणे 67 डीबीएमच्या आसपास असेल तर व्हिडिओ कॉल निभतो. उणे 80 ला आवाज तुटायला लागतो.

प्रत्येक ॲक्सेस पॉइंटपर्यंत तार हवी. मेशचे डबे आपापसांत हवेतून बोलू शकतात, पण मायवानच्या भिंतीने मोबाइलला अडवले तशी ती त्यांनाही अडवते, शिवाय तोच रेडिओ दोन्हीकडे राबला तर वेग निम्म्यावर येतो. घर बांधतानाच प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये छताला एक रिकामा पाइप टाकून ठेवावा, विजेच्या तारांपासून वेगळा. गवंड्याला हे सांगायचे राहून जाते आणि मग केबल दारावरून लोंबते. केबल कॅट-6 घ्यावी; एका ओढीत मर्यादा 100 मीटर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही कॅट-6 म्हणून खपते. तारेचे टोक पातीने खरवडावे, आत चंदेरी दिसली तर परत करावी. याच केबलमधून ॲक्सेस पॉइंटला वीजही द्यायची असते (पीओई, पहिल्या मानकात पोर्टमागे 15.4 वॅट, पुढच्यात 30 वॅट), आणि ॲल्युमिनियमला ते झेपत नाही. पीओईचा मोठा फायदा लाइट गेल्यावर कळतो : स्विच, राउटर आणि कंपनीचा डबा इन्व्हर्टरवर असले की घरभरचे वायफाय चालू राहते.

मानकांपैकी वायफाय 6 आज पुरेसे आहे. वायफाय 6ई आणि 7 ची खरी मौज 6 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. भारतात त्यातला 5925 ते 6425 मेगाहर्ट्झचा भाग खुला करण्याच्या नियमांचा मसुदा मे 2025 मध्ये निघाला. परदेशातून कुणी आणलेला डबा भारतीय चॅनेल पाळतोच असे नाही. इथे विकायच्या उपकरणाला दूरसंचार विभागाची ईटीए मान्यता लागते. सगळ्या ॲक्सेस पॉइंटना नाव आणि पासवर्ड एकच द्यावा, म्हणजे जिना चढताना मोबाइल आपणहून दुसरा धरतो. काही मोबाइल पहिल्याला चिकटून बसतात. त्यावर उपाय ताकद कमी करणे, आणखी वाढवणे नव्हे.

बंगल्यापासून गोठ्यापर्यंत किंवा शेतघरापर्यंत जोडणी न्यायची असेल तर मधल्या उघड्या पट्ट्यात तांब्याची केबल टाकू नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की अशी केबल दोन्हीकडची उपकरणे जाळते. तिथे फायबर ओढावे.