हळदीची सनद

खरचटलेल्या जागीं हळद दाबावी, हें आमच्याकडे कोणास शिकवावें लागत नाहीं. तथापि मार्च १९९५ मध्यें अमेरिकेच्या पेटंट कचेरीनें जखमेवर हळद वापरण्याच्या कृतीची सनद मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास दिली. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असतांना, १९९६ मध्यें तिजवर हरकत घेतली. १९९७ मध्यें ती रद्द ठरली.

हा विजय कशाच्या बळावर मिळाला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें परदेशांत एखादी गोष्ट नुसती रूढ असून भागत नसे. ती छापलेली असावी लागे. म्हणून परिषदेनें जुन्या ग्रंथांतील उतारे व १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंध पुढें केला. घरोघरच्या हळदीच्या डब्यास पुराव्याचें मोल नव्हतें. तो नियम तेथें २०१३ मध्यें बदलला.

पण ज्या परंपरेस ग्रंथच नाहीं, तिची वाट काय? चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतील गोंड व माडिया लोकांचें वनस्पतिज्ञान बहुतांशीं मुखोद्गतच चालत आलें आहे. समजा, एखाद्या कारखानदारानें मोहाच्या व करंजाच्या बियांचें तेल हळदीशीं कालवून त्वचेचें मलम केलें व त्याची मक्तेदारी मागितली, तर त्यास शोध म्हणावयाचें काय?

आमच्या १९७० च्या पेटंट कायद्याचें तिसरें कलम सांगतें कीं, ज्या मिश्रणांत घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होते, तें शोध नव्हे. बेरजेपलीकडचा गुण दिसला पाहिजे, आणि ती कृति त्या विषयांतील जाणत्यास सहज सुचण्याजोगी नसावी. असा गुण खरोखर सिद्ध करणाऱ्यास सनद नाकारणें अन्यायाचें होईल, हेंहि आम्ही मानतों. २००२ सालच्या दुरुस्तीनें परंपरागत ज्ञान सनदेंतून वगळलें, आणि स्थानिक जमातींचें तोंडी ज्ञानहि हरकतीस आधार म्हणून मान्य केलें.

तरी हा जाणता कोण, हा प्रश्न उरतोच. परीक्षक त्यास ग्रंथांत शोधतो. तो तर मोह वेंचीत अरण्यांत असतो, आणि अर्जाची वार्ता त्याच्या कानीं पोंचत नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा गांवास २००९ मध्यें अरण्यावर सामूहिक हक्क मिळाला. त्या अरण्याविषयींच्या ज्ञानाची नोंदहि गांवानेंच करावी व ती ग्रामसभेच्याच ताब्यांत असावी, असें आम्हांस वाटतें. नाहीं तर हळदीस जें ग्रंथांनीं तारलें, तसें मोहास तारावयास कोणी असणार नाहीं.