जो अल्बम निघालाच नाही

मागच्या रमजान ईदनंतर धाकट्या बहिणीने अब्बांच्या कॅसेटींचा डबा माझ्यासमोर ठेवला. अब्बा उरुसात कव्वाली गायचे. डब्यात चौदा कॅसेटी निघाल्या, त्यातल्या निम्म्यांवर काहीच लिहिलेले नाही. काही कलाम अर्धवट आहेत, तर काही दोन-तीन वेगवेगळ्या चालींत. बहीण म्हणाली, "भाईजान, सब जोडके एक अल्बम बना देव." मी हो म्हणालो. काम हाती घेतल्यावर मात्र प्रश्न पडला, जो अल्बम अब्बांनी कधी काढलाच नाही, तो मी कोणत्या अधिकाराने बनवायचा?

याच प्रश्नाने मला इंग्लंडमधल्या एका रॉक गीतकाराच्या हरवलेल्या अल्बमपर्यंत नेले. त्या गोष्टीचा एक धागा आपल्या पुणे-नगरपर्यंत येतो, म्हणून ती इथे सांगतो.

पीट टाउनशेंड हा 'द हू' या बँडचा गीतकार आणि गिटारवादक. १९६९ च्या 'टॉमी' या अल्बमने त्याला जगभर नाव मिळवून दिले. त्यानंतर १९७० च्या सुमारास त्याने 'लाइफहाउस' हा नवा प्रकल्प हाती घेतला. प्रदूषणामुळे माणसे घरात कोंडली गेली आहेत. अंगावर विशिष्ट पोशाख चढवून ती एका मध्यवर्ती जाळ्याला जोडलेली आहेत आणि सगळे अनुभव तिथूनच घेत आहेत. संगीत ती विसरली आहेत. काही बंडखोर एक मैफल भरवतात. तिथे प्रत्येक माणसाचे स्वतःचे संगीत मिसळत मिसळत शेवटी एकच सूर होतो, आणि त्या सुरात सगळे नाहीसे होतात. इंटरनेट घराघरात येण्याच्या किती आधीची ही कल्पना!

हा 'एक सूर' आला कुठून? टाउनशेंडने हजरत इनायत खान यांचे नादाविषयीचे लेखन वाचले होते. इनायत खान १८८२ मध्ये बडोद्यात, गवयांच्या घराण्यात जन्मले. ते वीणा वाजवत. १९१० मध्ये त्यांनी भारत सोडला आणि पाश्चात्त्य देशांत सूफी विचार पोहोचवला. दिल्लीच्या निजामुद्दीन वस्तीत त्यांचा दर्गा आहे. टाउनशेंडचे दुसरे प्रेरणास्थान होते मेहेरबाबा. ते पुण्यातल्या इराणी पारशी कुटुंबात जन्मले. पुण्याच्या मुस्लिम दरवेश हजरत बाबाजान यांच्या सहवासाने त्यांचे आयुष्य बदलले. त्यांची समाधी अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) मेहेराबादला आहे. मी त्यांचा अनुयायी नाही. पण 'बाबा ओ'रायली' या जगप्रसिद्ध गाण्याच्या नावातले 'बाबा' म्हणजे हेच नगरचे मेहेरबाबा, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? नावाचा उरलेला भाग अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांचा.

१९७१ च्या सुरुवातीला लंडनच्या 'यंग विक' नाट्यगृहात बँडने प्रेक्षकांसमोर प्रयोग केले. प्रेक्षकांनी संगीतात सामील व्हावे अशी टाउनशेंडची अपेक्षा होती, प्रेक्षकांना मात्र ओळखीची गाणी हवी होती. कथा खुद्द बँडमधल्या सोबत्यांच्याही गळी उतरेना. न्यूयॉर्कमधले ध्वनिमुद्रण अर्ध्यावर सुटले आणि टाउनशेंड मानसिकदृष्ट्या कोसळला. शेवटी ग्लिन जॉन्स या ध्वनितंत्रज्ञाच्या साथीने लंडनमध्ये पुन्हा मुद्रण झाले. कथा बाजूला ठेवून ऑगस्ट १९७१ मध्ये 'हूज नेक्स्ट' हा एकच तबकडीचा अल्बम निघाला. त्यातल्या नऊ गाण्यांपैकी आठ 'लाइफहाउस'ची होती. अल्बम अफाट गाजला, पण ज्या कथेसाठी ती गाणी लिहिली होती ती कथा हरवली.

बाकीची गाणी विखुरली. 'जॉइन टुगेदर' आणि 'रिले' १९७२ मध्ये सुटी आली. 'प्युअर अँड ईझी' हे गाणे म्हणजे त्या एका सुराच्या कल्पनेचा गाभा. ते १९७२ मध्ये टाउनशेंडच्या स्वतंत्र अल्बममध्ये आणि १९७४ मध्ये बँडच्या 'ऑड्स अँड सॉड्स' या संग्रहात निघाले. गंमत म्हणजे 'हूज नेक्स्ट'मधल्या 'द साँग इज ओव्हर'च्या शेवटी याच गाण्याची ओळ ऐकू येते. १९७१ च्या श्रोत्याला तो तुकडा कुठला हे कळायला मार्गच नव्हता.

तेव्हापासून रसिक हे तुकडे जोडत आले आहेत. अडचणी मात्र जागोजागी आहेत. टाउनशेंड घरच्या स्टुडिओत सगळी वाद्ये स्वतः वाजवून कच्ची गाणी करून ठेवायचा. मग खरे गाणे कोणते, त्याचे एकट्याचे की बँडचे? न्यूयॉर्कचे की लंडनचे? कथाही त्याने अनेकदा बदलली, मग क्रम कोणता धरायचा? खुद्द टाउनशेंडने २००० मध्ये सहा सीडींचा 'लाइफहाउस क्रॉनिकल्स' संच काढला. २०२३ मध्ये बँडचा दहा सीडींचा संच आला, सोबत चित्रकथेच्या रूपात ती गोष्टही आली. सामग्री जवळपास सगळी हाती आली आहे. तरीही १९७१ चा 'लाइफहाउस' त्यात नाही, कारण तो कधी पूर्ण झालाच नव्हता.

उर्दू शिकवणाऱ्याला इथे गालिब आठवतो. १८४१ मध्ये दीवान छापताना त्यांनी तरुणपणीचे कितीतरी शेर गाळले होते. भोपाळच्या हस्तलिखितातून ते १९२१ मध्ये 'नुस्खा-ए-हमीदिया' म्हणून प्रकाशात आले. पुढे इम्तियाज अली अर्शी यांनी १९५८ च्या आवृत्तीत गाळलेले, स्वतः छापलेले आणि इकडेतिकडे विखुरलेले कलाम वेगवेगळ्या भागांत ठेवले. त्यांनी काहीही फेकले नाही, पण सरमिसळही केली नाही. वाचकाला प्रत्येक शेराचा ठावठिकाणा कळतो. जोडकामाचा प्रामाणिकपणा यालाच म्हणतात.

माझा भाचा म्हणाला, "मामू, आता मशीन अर्धी गाणी पुरी करतं, नानांचा आवाजसुद्धा बनवतं." मी नको म्हणालो. पुरे झालेले ते कलाम गोड लागेलही, पण ते अब्बांचे नसेल. पुढच्या पिढीला फरक सांगणारा कोणी उरणार नाही.

मी प्रत्येक कलामापुढे कॅसेटीचा क्रमांक लिहिला आहे. साल जिथे अम्मीला आठवले तिथेच घातले. एकाच कलामाच्या दोन्ही चाली ठेवल्या आणि अर्धवट कलाम अर्धवटच सोडले. एका ठिकाणी स्वयंपाकघरातून अम्मीची हाक येते, तीही कापली नाही. नाव दिले आहे 'अब्बांच्या कॅसेटींमधून'. त्याला अल्बम म्हणायचे की नाही, हे बहिणीने ठरवावे.